मारणाऱ्यानं उभारलेला दगड

वीरगळ तुम्ही पाहिलाच असेल. वेशीत, मारुतीच्या देवळापाशी, कुठं कुठं तर धुण्याचा दगड होऊन पडलेला. लढाईत नाहीतर गुरं सोडवताना कामी आलेल्या वीराचा तो दगड. आज सांगणार आहे लांबच्या एका दगडाबद्दल. तोही मेलेल्या माणसासाठीच. पण उभा करायचा मारणाऱ्यानं.

जर्मनीत आणि शेजारच्या चेक देशात रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधाला असे ओबडधोबड दगडी क्रूस दिसतात. काही निम्मे मातीत रुतलेले. बहुतेकांवर नाव नाही की साल नाही. एखाद्यावर कुऱ्हाड, तलवार नाहीतर नांगराचा फाळ कोरलेला.

मध्ययुगात तिथं भांडणात माणूस मेला, की दोन्ही घरांत सूड सुरू होई. तो थांबवायला मध्यस्थ बसत आणि करार होई. मारणाऱ्यानं मृताच्या घरच्यांना भरपाई द्यायची, चर्चला मेणबत्त्यांसाठी मेण तोलून द्यायचं, प्रार्थना करवून घ्यायच्या, कधी लांबच्या तीर्थाला पायी जायचं. आणि दगडी क्रूस उभारायचा. मेलेल्याला शेवटचे धर्मविधी मिळाले नव्हते ना, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथं थांबून त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

पैशानं गेलेला माणूस येत नाही. खुनी गावातच वावरणार, तेही बघवत नसेल. पण पदरात पोरं असलेल्या बाईच्या हातात काहीतरी पडायचं, हे मला महत्त्वाचं वाटतं. १५३२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सचा फौजदारी कायदा आला. खुनाचा निवाडा न्यायालयाकडे गेला, आणि घराघरांतले हे करार हळूहळू बंद पडले.

दगड मात्र राहिले. आज ते संरक्षित स्मारकं आहेत. बव्हेरिया राज्यात तसा कायदा १९७३ साली झाला. त्याआधी कितीतरी क्रूस रस्ता रुंद करताना हलले, कितीतरी भिंतीत चिणले गेले. बर्लिनचाच घ्या. चौदाव्या शतकात जमावानं एका धर्माधिकाऱ्याला मारलं, म्हणून अख्ख्या शहराला भरपाई द्यावी लागली आणि क्रूस उभारावा लागला. तो आता मारियन चर्चच्या दाराशी आहे, मूळ जागेवर नाही.

दगडावर नाव नसतं. मृताचं, त्याच्या बायकोचं नाव असलंच तर करारात. काही करार जुन्या दप्तरांत अजून आहेत. पण कुठला कागद कुठल्या दगडाचा, हे जुळवायला जागाच हाताशी असते. दगड हलला, की ती खूणही जाते.