माणसे कुठे चालतात?

१७ नोव्हेंबर १९६२ रोजी कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा सुमारे १.१ किलोमीटर लांबीचा बाजाररस्ता प्रयोगादाखल मोटारींना बंद करण्यात आला. दुकानदार संतापले. गाडी बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद, हे त्यांचे म्हणणे. दुसरा आक्षेप आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो : आपण काही इटलीचे लोक नव्हे, डेन्मार्कच्या थंडीत रस्त्यावर रेंगाळणार कोण? म्हणजे चालणे ही स्वभावाची व हवामानाची बाब, रस्त्याची नव्हे, असे गृहीत धरले गेले होते.

हे गृहीतक तपासायचे तर आधी मोजायला हवे. मोटारींची मोजणी शहरे नियमित करीत; माणसांची सहसा कोणी करीत नसे. ते काम यान गेल या तरुण वास्तुविशारदांनी अंगावर घेतले. त्यांच्या पत्नी इन्ग्रिड मानसशास्त्रज्ञ. वास्तुविशारदांना इमारती दिसतात, मग माणसे का दिसत नाहीत, हा प्रश्न मुळात त्यांचा. १९६५ मध्ये दोघांनी इटलीतील चौकांचे निरीक्षण केले आणि पुढे कोपनहेगनमध्ये मोजणी सुरू झाली.

या मोजणीत एक चकवा आहे. समजा, १०० मीटरच्या टप्प्यात दर मिनिटाला ३० माणसे शिरतात. प्रत्येकाने तो एका मिनिटात ओलांडला, तर कोणत्याही क्षणी तेथे ३० माणसे दिसतील. रेंगाळत दोन मिनिटे लावली, तर ६० दिसतील. येणारे तेवढेच, रस्ता मात्र दुप्पट गजबजलेला! (शाळेसमोरच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांना हे सहज पडताळता येईल.) म्हणून गेल यांनी थांबणाऱ्यांचीही नोंद ठेवली.

१९६४ मध्ये बंदी कायम झाली. वाहनमुक्त जागा १९६२ मधील १५,८०० चौरस मीटरवरून १९९६ पर्यंत सुमारे ९६,००० चौरस मीटर झाली. १९६८ ते १९९५ या काळात तेथे बसणारी-थांबणारी माणसे तिपटीहून अधिक वाढली, साधारण जागेच्याच प्रमाणात. थंडी तीच होती.

तरीही शंका उरते. ही माणसे इतर रस्त्यांवरून सरकली नसतील कशावरून? वस्त्यांच्या अभ्यासातही अशीच अडचण येते. चालण्याची हौस असलेले लोक मुळातच तशी वस्ती निवडतात. म्हणून ऑस्ट्रेलियात पर्थ येथे २००३ पासून घर बदलणाऱ्यांचेच चालणे आधी आणि नंतर नोंदवले गेले. नव्या घराजवळ दुकान, बसथांबा अशा प्रत्येक जादा प्रकारच्या ठिकाणामागे कामानिमित्तचे चालणे आठवड्याला ५ ते ६ मिनिटांनी वाढलेले आढळले.