मुराळी, मुंबईकर आणि जत्रा

चैत्र-वैशाखात सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या गावी तरुण पतिपत्नी मुलांसह एस.टी.तून उतरतात, उंबऱ्यावर थांबवून घरची वडीलधारी बाई त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायांवर तांब्याभर पाणी घालते आणि मगच त्यांना घरात घेते, हे दृश्य इतके अंगवळणी पडलेले आहे की ही रीत पूर्वापार अशीच चालत आलेली असावी असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक भाकरतुकडा जुना आहे, पाण्याचा तांब्याही जुना आहे. परंतु नवरा, बायको आणि मुले यांनी परमुलखातून एकत्र निघून सुट्टीपुरते गावी यावे, ही चाल या मुलखात फार तर तीन पिढ्यांची आहे. तत्पूर्वी गावाकडे येण्याच्या वाटा दोन होत्या. एक स्त्रीची आणि दुसरी पुरुषाची. त्या एकमेकींना क्वचितच मिळत.

स्त्रीची वाट माहेरची. ती लांबीने थोडी, पाच-दहा कोसांची, कृष्णेच्या, कोयनेच्या, येरळेच्या किंवा माणगंगेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणारी. पण त्या वाटेवर स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकण्याचा अधिकार सासुरवाशिणीला नव्हता. माहेराहून मुराळी यावा लागे. हा मुराळी बहुधा भाऊ, तो नसल्यास चुलता, मामा किंवा घरचा विश्वासू गडी. त्याने आधी सासऱ्याची परवानगी मागावयाची, सासूने सुगीची, दळणाची, गुराढोरांची अडचण सांगावयाची, आणि पुष्कळदा एक मुक्काम करून त्याने रिकाम्या हाताने परतावयाचे, असा त्या भेटीचा रिवाज होता. नागपंचमी, दिवाळी आणि पहिले बाळंतपण ही माहेरच्या मुक्कामाची मुख्य निमित्ते. पैकी नागपंचमीचे महत्त्व या भागात विशेष. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वसलेल्या बत्तीस शिराळ्याची ख्याती तर त्या एका सणावर उभी आहे. जात्यावरच्या ओव्यांत मुराळ्याची वाट पाहणारी, त्याच्या घोड्याची धूळ दिसते का म्हणून माळाकडे डोळे लावून बसलेली स्त्री पुनःपुन्हा भेटते. घरच्या दप्तरांत तिच्या हालचालीची नोंद नाही. तिचा इतिहास त्या ओव्यांनी राखला. या वाटेवर नवरा कोठेच नसे. तो चार दिवसांनी बायकोला न्यावयास गेलाच, तर जावई म्हणून त्याची सरबराई होई आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी होई.

पुरुषाची वाट याहून पुष्कळ लांबची. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज निवर्तल्यावर डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि शिबंदी, पागा, कारखाने यांवर पोसल्या जाणाऱ्या घराण्यांचा आधार गेला. पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीचे कंबरडे मोडले. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे सदर्न मराठा रेल्वेची गाडी सुरू झाली आणि मुंबईच्या कापडगिरण्यांची वाट मोकळी झाली. रत्नागिरीपाठोपाठ पुणे आणि सातारा या घाटावरच्या जिल्ह्यांनी गिरण्यांना, गोदीला आणि बाजारपेठेतील हमालीला माणसे पुरविली. जावळी आणि पाटणच्या डोंगराळ पट्ट्यातून गेलेल्यांनी पाठीवर ओझी वाहिली. त्यांच्यातूनच मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील पुढे आले आणि १९६९ च्या माथाडी कायद्यापर्यंत तो लढा गेला. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे वडिलांबरोबर लहानपणी मुंबईस पायी गेले, हे तर सर्वश्रुतच आहे. त्यांची ‘माझी मैना’ ही लावणी जिच्याविषयी आहे ती स्त्री गावीच राहिलेली आहे, ही गोष्ट इतिहासकाराने नजरेआड करू नये. १९३१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेपाचशेच्या आसपास भरली. लालबाग-परळच्या एकेका खोलीत एकाच गावचे दहा-वीस गडी पाळ्यापाळ्याने झोपत, खाणावळीत जेवत आणि ट्रंका भिंतीशी रचून ठेवत. असा संसार बायकामुलांना सामावून घेणारा नव्हताच. म्हणून संसार गावी आणि मिळकत मुंबईस, अशी घराची विभागणी झाली.

या पुरुषाचे गावी येणे सुखासुखी नसे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगचा कहर झाला तेव्हा गिरणगाव ओस टाकून लोक हजारोंनी गावाकडे निघाले. स्थानकास्थानकावर त्यांची तपासणी झाली, आणि दुर्दैवाने रोगही त्यांच्या मागोमाग देशावर उतरला. एरवीच्या काळात रजा मिळणेच दुरापास्त. पेरणीसाठी, लग्नकार्यासाठी किंवा जत्रेसाठी गडी गावी गेला की त्याचे खाडे पडत, परत आल्यावर त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असे, आणि ती पुन्हा मिळविण्यासाठी मुकादमाच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागे. फौजेतल्या शिपायाची स्थिती या बाबतीत बरी होती. सातारा हा शिपायांचा जिल्हा. अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव मिळविले. शिपायाला कागदावर लिहिलेली रजा असे. गिरणी कामगाराला तसा हक्क मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायदेदुरुस्तीने पगारी रजा प्रथम मान्य झाली आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, असा तिचा हिशेब ठरविला. सुट्टीसाठी गावी जाणे ही आज आपल्याला भावनेची बाब वाटते. परंतु त्या भावनेला सवड मिळवून देणारे हे कलम ज्यांनी झगडून पदरात पाडून घेतले, त्यांचे ऋण सातारा-सांगलीच्या घराघरावर आहे, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते.

इतका खर्च आणि इतका धोका पत्करून माणूस येई तो मुख्यतः जत्रेला. सुगी संपून रान मोकळे झालेले, धान्य घरात आलेले आणि पावसाळा अद्याप दूर, अशा चैत्र-वैशाखात या मुलखातील बहुतेक ग्रामदैवतांच्या जत्रा येतात. शिखर शिंगणापूरच्या महादेवाची आणि आटपाडीजवळच्या खरसुंडीच्या सिद्धनाथाची जत्रा चैत्रातलीच. म्हसवडचा रथ आणि पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात, पालीच्या खंडोबाचे लग्न पौषात आणि बावधनचे बगाड फाल्गुनात, हे मोठे उत्सव सोडले तरी प्रत्येक वाडीची स्वतःची तिथी ठरलेली आहे. जत्रेत देवाइतकेच महत्त्व मानाला असते. पालखीला खांदा कोणी द्यावयाचा, सासनकाठी कोणत्या भावकीने धरावयाची, पहिला नारळ कोणाचा, निशाण कोणाच्या घरून निघावयाचे, हे सारे वहिवाटीने ठरलेले असते, आणि वहिवाटीचा कायदा असा की जो हजर नाही त्याचा हक्क हळूहळू दुसऱ्याकडे सरकतो. मुंबईत बारा तास साच्यावर उभा राहणारा आणि तेथे कोणाच्याही खिजगणतीत नसणारा माणूस जत्रेच्या दिवशी आपल्या घराण्याचा मान घेऊन गावासमोर उभा राही. त्याच मुक्कामात जमिनीच्या वाट्याचा हिशेब होई, बांधाचे कजिये मिटत, मुलीचे स्थळ पाहिले जाई, सावकाराचे व्याज दिले जाई आणि कुस्त्यांच्या फडात भाच्याला इनाम लागे. गावाने माणसे बाहेर पाठविली, पण तिथीच्या दोरीने त्यांना बांधून ठेवले. मुंबईतही प्रत्येक गावाची ‘मुंबईकर मंडळे’ उभी राहिली. दरमहा वर्गणी गोळा करणे, गावकीची खोली सांभाळणे, मयताच्या घरी पैसे धाडणे आणि देवळाच्या जीर्णोद्धारास हातभार लावणे, ही त्यांची कामे. आज खेड्यापाड्यांतील देवळांच्या भिंतींवर देणगीदारांच्या ज्या संगमरवरी पाट्या दिसतात, त्यांत मुंबई हा शब्द किती वेळा येतो ते मोजण्यासारखे आहे.

प्रवासाची कथा थोडक्यात सांगता येईल. मुंबईहून येणाऱ्याला पुण्यास मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या डब्यात शिरावे लागे. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार करीत गाडी ‘सातारा रोड’ला पोहोचे आणि तेथून शहर चांगले दहा मैल दूर राही. कऱ्हाडचे स्थानक ओगलेवाडीस, कुंडलचे पुढे किर्लोस्करवाडी झाले. स्थानकाबाहेर बैलगाड्या जुंपून माणसे वाट पाहत बसत. १ जून १९४८ रोजी एस.टी. सुरू झाली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत ती वाडीवस्तीपर्यंत गेली. लहान मुलांना व बायकांना घेऊन प्रवास करणे तिच्यामुळे शक्य झाले. १९७० च्या सुमारास लोहमार्ग रुंद झाल्यावर साताऱ्याचे स्थानकही माहुलीपाशी, शहराच्या जवळ आले.

सबंध कुटुंबाने बाहेर जाण्याची आणि सबंध कुटुंबाने परत येण्याची चाल मात्र ज्यांनी पक्की केली ते विटे-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक होत. त्यांच्याविषयी मराठी वाचकांस असावी तितकी माहिती नाही, म्हणून येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. खानापूर तालुका आणि त्याच्या पूर्वेचा माणदेश हा पर्जन्यछायेतला मुलूख. आटपाडी महाल तर स्वातंत्र्यापर्यंत औंध संस्थानात मोडे. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून त्याला सांगली हे नाव मिळाले. नकाशावरच्या या रेघा बदलल्या तरी पाऊस वाढला नाही. या भागातील तरुण सोनारपेठांतून जुने दागिने आटवून त्यांतील सोने आणि चांदी शुद्ध करून देण्याचे काम शिकले, आणि ती मूस व भट्टी घेऊन केरळ, तमिळनाडू, आंध्रापासून दिल्ली, बिहार, बंगालपर्यंत, सराफ कट्टा असेल त्या प्रत्येक गावी जाऊन बसले. काम उष्णतेचे आणि तेजाबाच्या धुराचे, जोखीम लाखमोलाची, आणि सारा व्यवहार विश्वासावर. एकाने दुकान थाटावे, मग भावाला बोलवावे, मग मेहुण्याला, मग गावच्या पोराला, अशी ही साखळी वाढली. गिरणी कामगाराला जे साधले नाही ते यांना साधले: दुकानाच्या मागे किंवा माडीवर बिऱ्हाड थाटता येत असल्यामुळे बायकामुले बरोबर नेता आली. मुले तमिळ किंवा मल्याळम शाळेत शिकू लागली, आणि शाळेला सुट्टी लागली की सारे कुटुंब गाडीत बसून मिरज जंक्शनावर उतरू लागले. खानापूर तालुक्यात वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असलेली भक्कम घरे दिसतात, ती या लोकांची. परक्या भाषेच्या मुलखात राहून गावी घर बांधावे, रेवणसिद्धाच्या दर्शनास यावे, मुलाचे जावळ गावीच काढावे, हा आग्रह मला अत्यंत आदरणीय वाटतो.

येथे स्त्रीची वाट आणि पुरुषाची वाट एक झाल्या. एक झाल्या, आणि एक नवा पेच उभा राहिला. आता सूनच परगावाहून येते. तिच्या पंधरा दिवसांत सासरची जत्रा, कुलदैवत, भावकीची लग्ने आणि तिचे स्वतःचे माहेर, सारे बसवावयाचे. सर्वसाधारण रीत अशी पडली की आधी सासरचे देवकार्य पुरे करावे, पुरणपोळी आणि कटाच्या आमटीच्या पंक्ती उठवाव्या, आणि मग उरलेल्या दिवसांत मुलांसह आजोळी जावे. मुराळ्याचे काम नवऱ्याकडे आले, आणि ज्या जावयाला पूर्वी एक रात्र मुक्काम करणे संकोचाचे वाटे तोच चार-चार दिवस सासुरवाडीत राहू लागला. स्त्रीला यात लाभ अधिक की तोटा, याचा निवाडा सोपा नाही. परवानगी मागण्याचा अपमान गेला हे खरे. परंतु पूर्वीच्या दीड-दोन महिन्यांच्या माहेरपणात, पाठीला पाठ लावून आईशी बोलत पडण्याची जी निवांत मुभा होती, तीही गेली. माझा कौल नव्या रीतीकडे आहे, कारण त्या जुन्या विसाव्याची किंमत उरलेले दहा महिने मोजावी लागत असे.

मुलांच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व फार मोठे आहे. तिथीने चालणारे गाव आणि तारखेने चालणारी शाळा यांची गाठ मे महिन्यात योगायोगानेच पडली. जत्रा उन्हाळ्यात नसत्या तर शहरात वाढलेल्या दोन पिढ्यांना गाव दिसलेच नसते. मार्गशीर्षातील आणि पौषातील यात्रांना आज परगावची मुले क्वचित येतात, आणि तेथल्या मानाच्या वहिवाटी गावात राहणाऱ्यांकडे सरकू लागल्या आहेत.

ज्यांना परतण्यास गावच उरले नाही त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. कोयना धरणाच्या शिवसागरात कित्येक गावे बुडाली आणि ती माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली. त्यांचे देव नव्या वसाहतीत आले, शिवार आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा याच्या उलट घडले. सुट्टीपुरती येणारी माणसे ट्रंका घेऊन कायमची आली, आणि जो मुंबईकर म्हणून जत्रेत मान घेई त्याला भावाच्या शेतात रोजंदारीने राबावे लागले.

या सर्व येण्याजाण्याचा पुरावा आज कोठे आहे? सरकारी दप्तरात खानेसुमारीचे आकडे मिळतील, रेल्वेची उत्पन्ने मिळतील. पण कोणत्या वर्षी किती जण जत्रेला आले, कोणी किती वर्गणी दिली, दुष्काळाच्या साली कोणाची माफ झाली, खोलीचे भाडे कोण भरीत होते आणि कोणाच्या मयताला किती पैसे धाडले, हे मुंबईकर मंडळांच्या वह्यांतच लिहिलेले असावयाचे. गिरणगावातील चाळी पाडल्या जात आहेत, आणि गावकीच्या खोल्यांबरोबर त्या वह्या रद्दीत जाण्याचे भय आहे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकांनी, येत्या उन्हाळ्यात गावी येणाऱ्या कुटुंबांकडे चौकशी करून त्या मिळतील तेवढ्या गोळा कराव्यात. ज्यांच्या आजोबांच्या पेटीत अशी एखादी वही असेल त्यांनी ती जत्रेला येताना बरोबर आणावी.