व्यापारचिन्ह व डिझाइन-नक्कल तंटे (दादरा व नगर हवेली परिसर)

एका कंपनीच्या मालाचे नाव, वेष्टन किंवा घाट दुसरीने उचलल्यावरून होणारे वाद. नाव व चिन्ह यांना ट्रेडमार्क कायदा, १९९९ लागू होतो. वस्तूच्या नव्या आकाराला व नक्षीला डिझाइन कायदा, २०००.

सिल्वासा-वासोणा परिसरात करसवलतींमुळे प्लास्टिकचे आणि कृत्रिम धाग्याचे कारखाने आले. प्लास्टिकच्या धंद्यात खरा पैसा साच्यात आणि तो साचा ज्या कल्पनेवर उभा राहतो तिच्यात गुंततो. नक्कल करणाऱ्याची कल्पनेची मेहनत वाचते. बाजारातली एक बाटली विकत घेतली की त्याला नमुना मिळाला. नाव बदलणे तर त्याला सोपेच, त्यामुळे भांडण बहुधा घाटावरून होते. इथल्या उत्पादकाचे कामकाज मात्र तीन शहरांत विखुरलेले: ट्रेडमार्कसाठी अहमदाबादचे नोंदणी कार्यालय, डिझाइनच्या तपासणीसाठी कोलकाता, उच्च न्यायालय मुंबईचे. डिझाइनची नोंदणीच रद्द होण्याजोगी आहे असा बचाव प्रतिवादीने घेतला, तर जिल्हा न्यायालयाला दावा उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. छोट्या कारखानदाराला हे अंतर फार जड जाते.

नक्कल ओळखायची कसोटी पार्ले प्रॉडक्ट्स विरुद्ध जे. पी. अँड कंपनी, म्हैसूर (१९७२) या खटल्याने पक्की केली. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर शेतघराच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी, गाई व कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या पुड्यावरची मुलगी डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती. खालच्या दोन्ही न्यायालयांत पार्ले हरली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पुडे शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात. एक पुडा पूर्वी वापरलेला ग्राहक दुसरा पाहून फसेल का, एवढे पाहायचे. निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

घाटाच्या बाबतीत या भागाला सर्वांत जवळचा खटला सेलो हाउसहोल्ड प्रॉडक्ट्स विरुद्ध मॉडवेअर इंडिया (मुंबई उच्च न्यायालय, २०१७). सेलोचे कारखाने दमणला आहेत. २०२० पासून दमण आणि दादरा व नगर हवेली हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. सेलोच्या ‘प्युरो’ या दोनरंगी पाण्याच्या बाटलीसारखीच ‘कुडोझ’ बाटली मॉडवेअरने आणली. असे आकार पूर्वीही होते, हा बचाव न्या. गौतम पटेल यांनी मानला नाही. त्यांनी आकार आणि रंगसंगती यांचा मेळ एकत्र पाहिला व अंतरिम मनाई दिली. नावे वेगळी असूनही, केवळ रूपाच्या आधारे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे, म्हणजे ‘पासिंग ऑफ’, होऊ शकते, हेही त्यांनी मान्य केले.

दोन कायद्यांच्या धाकात मोठी तफावत आहे. खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. डिझाइनची नक्कल हा केवळ दिवाणी मामला. कलम २२ प्रमाणे ठरावीक रक्कम मागितली तर एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. आजच्या काळात ही रक्कम तुटपुंजी आहे, म्हणून जाणते वकील भरपाई व मनाईचा दावा लावतात.

डिझाइनचे संरक्षण दहा वर्षांचे, पुढे पाच वर्षे वाढवता येते. पण नोंदणीचा अर्ज माल लोकांपुढे येण्याआधीच करावा लागतो. प्रदर्शनात आधी नमुना मांडला आणि मग अर्ज केला, तर सहसा नवेपणाचा दावा टिकत नाही. कॉपीराइटचा आडोसाही तेव्हा उपयोगी पडत नाही: नोंदणीयोग्य पण न नोंदलेल्या डिझाइनचे पन्नासाहून अधिक नग कारखान्यात निघाले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. बाटलीच्या साच्यातून एवढे नग पहिल्याच पाळीत बाहेर पडतात.