टी-ट्रॅक म्हणजे काय? मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात आपलं मॉड्यूल कसं न्यावं?

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना पुण्याच्या कोथरूडमधलं जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आठवेल. तिथलं छोटं शहर एकाच जागी कायमचं वसवलेलं आहे. नोकरीसाठी अमेरिकेत आल्यावर मी वेगळाच प्रकार पाहिला. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला दर जानेवारीत ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं मोठं प्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनांत अनोळखी माणसं आपापल्या घरी बनवलेले तुकडे आणतात, टेबलावर जोडतात आणि त्या सगळ्यांवरून एकच गाडी धावते. हे कसं जमतं, ते आज पाहू.

कडा ठरलेल्या, मधलं आपलं

या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. मी टी-ट्रॅक पद्धत वापरतो. त्यात एन स्केल, म्हणजे १:१६० हे प्रमाण आणि ९ मिमी गेज असतो. साध्या मॉड्यूलची पेटी ३०८ मिमी लांब आणि वरचा रूळ ३१० मिमी. रूळ दोन्ही बाजूंना जरासा बाहेर राहतो, त्यामुळे पेट्या एकमेकींना न अडता रूळ रुळात बसतो. दोन समांतर मार्गांच्या मध्यांतलं अंतर ३३ मिमी. खालचे बोल्ट फिरवून उंची जुळवायची.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. इंटरफेस पक्का, आत काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

याची किंमतही मोजावी लागते. मी कर्जतचा फलाट बनवला, वडापावच्या गाडीसकट. ३१० मिमी म्हणजे खऱ्या मापात ५० मीटरसुद्धा नाही. जेमतेम दोन डबे मावतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे या प्रमाणात रूळ साडेदहा मिमीचा हवा. तो तसा केला असता तर कर्जत अचूक झालं असतं, पण शेजारच्याची गाडी तिथे आली नसती. मी ९ मिमीच ठेवला.

डीसीसी आणि माझी फजिती

डीसीसी पद्धतीत वीज आणि आज्ञा दोन्ही त्याच दोन रुळांतून जातात. प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो आणि तो फक्त स्वतःच्या पत्त्यावर आलेली आज्ञा पाळतो. एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, ती यामुळेच.

माझ्या पहिल्याच प्रदर्शनात मी मॉड्यूल जोडलं आणि सगळ्या गाड्या थांबल्या. शॉर्ट सर्किट! बाहेर पोरं ताटकळत उभी. आपलं मॉड्यूल उचलून गुपचूप घरी जावं, असं वाटलं. तेवढ्यात एक आजोबा मल्टीमीटर घेऊन आले. मी दोन वायरींची अदलाबदल केली होती. त्यांनी चूक दाखवली आणि सोल्डरिंग आयर्न माझ्याच हातात दिलं. "आमच्या सगळ्यांचं असं झालंय," एवढंच म्हणाले.

नेण्याआधी हे तपासा

- पुढच्या आणि मागच्या रुळाच्या वायरींचे रंग आयोजकांच्या पद्धतीनुसार आहेत का, ते मीटर लावून बघा.
- नव्या डिकोडरचा पत्ता सहसा ३ असतो. तो बदला, नाहीतर एका कंट्रोलरवर दोघांची इंजिनं पळतील.
- मॉड्यूलच्या खाली नाव लिहा.
- जादा रूळजोड, वायर आणि चिकटपट्टी सोबत ठेवा.
- रूळ आणि चाकं पुसून घ्या. धुळीमुळे वीज तुटते आणि गाडी अडखळते.

गाडी दुसऱ्याच्या हातात द्या

लोक वडापावच्या गाडीबद्दल विचारतात. मग मी सांगतो की कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, कारण पुढे बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. ऐकणारे त्यांच्याकडच्या घाटांची गोष्ट सांगतात आणि गप्पा सुरू होतात.

गेल्या वेळी सात-आठ वर्षांची एक मुलगी बराच वेळ नुसती बघत होती. मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. तिने वळणावर वेग जास्त ठेवला आणि गाडी पडली. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आमच्या सगळ्यांचं असं झालंय." मग डबे रुळावर कसे चढवायचे ते दाखवलं आणि शेवटचा डबा तिलाच चढवायला दिला.