वेगाचा दंड आणि तो चुकविण्याचे मार्ग

डहाणू तालुक्यातील चारोटी नाक्यावरून मोटार उत्तरेकडे निघाली, की महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका बराच वेळ प्रवाशाच्या दृष्टीसमोर राहतो. पुढे दापचरी, तलासरी आणि अच्छाड ही गावे मागे पडली म्हणजे गुजरातची हद्द लागते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा हा तुकडा. त्याचा क्रमांक पूर्वी ८ होता, आता ४८ आहे. रस्ता रुंद, सरळ आणि मोहात पाडणारा आहे. या मोहाला बळी पडलेल्या मोटारचालकाच्या दूरध्वनीवर काही दिवसांनी चलान येऊन थडकते, आणि मग तो आपल्या स्नेह्यासोबत्यांना एकच प्रश्न विचारू लागतो : हा दंड चुकवावा कसा?

प्रश्न आजचा वाटतो. पण तो मोटारीइतकाच जुना आहे. किंबहुना मोटारीच्या वेगाला कायद्याने वेसण घातली त्याच दिवशी ती वेसण चुकविण्याची विद्याही जन्मास आली. त्या विद्येचा इतिहास मनोरंजक तर आहेच, परंतु तो जेथे जाऊन संपतो ते ठिकाण विचार करावयास लावणारे आहे.

इंग्लंडात १८६५ साली जो कायदा झाला, त्याने स्वयंचलित वाहनाला खुल्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल एवढाच वेग मंजूर केला होता, आणि वाहनाच्या पुढे लाल निशाण घेऊन एका माणसाने पायी चालावे असेही बजावले होते. तेरा वर्षांनी निशाणाची सक्ती सुटली. वेगाची मर्यादा मात्र कायम राहिली. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यातील पॅडॉक वुड या गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी ८ मैल, म्हणजे परवानगीच्या चौपट वेगाने, मोटार हाकीत गेले. तेथील शिपायाने सायकलवर टांग मारली, सुमारे पाच मैल पाठलाग केला आणि त्यांना गाठले. अतिवेगाबद्दल त्यांना एक शिलिंग दंड झाला. वेगाच्या गुन्ह्यासाठी मोटारचालकाला झालेल्या पहिल्या शिक्षांत याची गणना होते. ज्या वाहनाला सायकल गाठू शकते, त्याच्या वेगाची भीती समाजाला वाटावी, याचे आज हसू येते; परंतु रस्ता तेव्हा पायी चालणाऱ्यांचा, मुलांचा आणि गुराढोरांचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ते हसू मावळते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा कायदा अमलात आला आणि ताशी १४ मैलांपर्यंतच्या वेगाला वाट मोकळी झाली. १९०३ च्या कायद्याने ती मर्यादा २० मैलांवर नेली. आता पोलीस झुडपाआड लपून, मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना उभे राहून, घड्याळ लावून मोटारींचा वेग मोजू लागले. या सापळ्यांनी चिडलेल्या काही मोटारमालकांनी १९०५ साली लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संस्था स्थापन केली. संस्थेचे सायकलस्वार सेवक रस्त्यावर गस्त घालीत आणि पुढे सापळा असल्यास सभासदास आगाऊ सूचना देत. दंड चुकविण्याची विद्या अशी संघटित झाली.

१९१० साली न्यायालयाने निर्णय दिला, की अतिवेगाने येणाऱ्या चालकाला अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय. संस्थेने त्यावर काढलेली तोड मासलेवाईक होती. सेवकाने एरवी प्रत्येक सभासदाला सलाम करावा. सलाम झाला नाही, तर सभासदाने थांबून त्याचे कारण विचारावे! सलाम न करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा जगात कोठेही नव्हता. ही सलामाची प्रथा पुढे १९६१ पर्यंत टिकली. समोरून येणाऱ्या गाडीने दिवे उघडझाप करून पुढे पोलीस असल्याची खूण करावी, ही आपल्याकडील महामार्गांवरील रीत त्या न केलेल्या सलामाचीच धाकटी बहीण म्हणावी लागेल.

तथापि या संस्थेच्या चरित्राला दुसरी बाजू आहे आणि तीच अधिक मोलाची आहे. तिने गावांच्या नावांचे, वळणांचे आणि धोक्याच्या जागांचे हजारो फलक स्वतः रस्तोरस्ती उभारले. पुढे पोलीस आहे हे सांगणाऱ्यांनीच पुढे धोका आहे हे सांगावयास आरंभ केला. पहिल्या सूचनेने चालकाचे पैसे वाचत होते. दुसरीने प्राण वाचू लागले.

इंग्लंडने एक प्रयोगही करून पाहिला. १९३० च्या कायद्याने मोटारींवरील वेगाची मर्यादा साफ उठविली. सुजाण चालक आपला विवेक वापरील, असा त्यामागील विश्वास होता. १९३४ साली त्या देशातील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्याच साली पुन्हा कायदा करून वस्तीतील मार्गांवर ताशी ३० मैलांची मर्यादा घालावी लागली आणि ती १९३५ पासून अमलात आली. अतिवेगाचा दंड हा केवळ सरकारी तिजोरी भरण्याचा बहाणा आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही चार-पाच वर्षे विसरू नयेत.

मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. हिंदुस्थानाचा पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला. त्याच्या जागी १९३९ चा आणि नंतर सध्याचा १९८८ चा कायदा आला. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०१८ रोजी ठरविलेल्या कमाल मर्यादा अशा : मधोमध दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक मार्गिकांच्या रस्त्यावर मोटारीस ताशी १०० किलोमीटर, आठांहून अधिक उतारू नेणाऱ्या वाहनास ९०, मालवाहू गाडीस आणि मोटारसायकलीस ८०. मात्र राज्य सरकारला याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार आहे. म्हणून रस्त्याकडेचा फलक जो आकडा सांगेल, तोच प्रमाण मानावा. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनास एक ते दोन हजार आणि मध्यम व जड वाहनास दोन ते चार हजार रुपये दंड ठेवला असून, गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना जप्त होऊ शकतो.

मोजण्याची साधनेही बदलत गेली. झुडपाआडच्या घड्याळाच्या जागी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रडार आले. त्यानंतरची गोष्ट तर दैवाच्या थट्टेसारखी आहे. १९५३ ची माँटे कार्लोची शर्यत जिंकणारे डच मोटारपटू मॉरिस गॅट्सोनिडिस यांनी वळणावर आपला वेग आणखी कसा वाढेल हे पाहण्यासाठी एक यंत्र तयार केले. त्याच यंत्रातून पुढे वेग टिपणारा कॅमेरा जन्मला आणि जगभरच्या पोलिसांच्या हाती गेला. वेगाच्या भक्तानेच वेगाचा पहारेकरी घडविला! आता लेझर किरणांची बंदूक आणि वाहनाचा क्रमांक वाचणारा कॅमेरा आले आहेत. दोन ठिकाणांमधील अंतर आणि त्याला लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढण्याची पद्धतही आली आहे. सलामाने फसणारा शिपाई गेला; आता कॅमेऱ्यापाशी वेग आवरून पुढे पुन्हा गाडी पिटाळणाराही हिशेबातून सुटत नाही.

आता पुन्हा डहाणू-तलासरीकडे वळू. या मुलखाच्या किनाऱ्याने आगगाडी १८६० च्या दशकातच धावू लागली होती. पण कासा, तलासरी हा आतला भाग जंगलाचा आणि वारली लोकांचा. त्यांची पायवाट हाच तेथला राजमार्ग. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली; शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साहाय्याने त्यांनी वेठबिगारी झुगारून दिली. ज्यांनी सावकार-जमीनदाराच्या दारातून मान वर करून चालण्याचा हक्क मिळविला, त्यांच्या मुलानातवंडांना आज शाळेस, बाजारास आणि शेतावर जाण्यासाठी सहा मार्गिकांचा महामार्ग ओलांडावा लागतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीकडे माणसांची रीघ लागते, तीही याच रस्त्याच्या कडेने. मोटारीत बसलेल्याला जो रस्ता मोकळा दिसतो, तो कोणाच्या तरी अंगणातून गेलेला असतो.

आणि धोका पायी चालणाऱ्यालाच असतो असेही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी गुजरातेतून मुंबईकडे येणारी एक मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली आणि टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागील आसनावर होते आणि दोघांनीही आसनपट्टा बांधला नव्हता. तीन मार्गिकांचा रस्ता त्या पुलापाशी दोन मार्गिकांचा होत असे. दोषाची वाटणी करणे हे न्यायालयाचे काम. परंतु रुंद रस्ता अकस्मात अरुंद होतो तेथे क्षणाचा विलंबही केवढा घातक ठरतो, हे साऱ्या देशाने त्या दिवशी पाहिले.

अशा वेळी गणित उपयोगी पडते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, १२० च्या वेगाने ३३ मीटर. वेग एक पंचमांशाने वाढला, तर आघाताचे बळ ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आणि याच्या बदल्यात पदरात काय पडते? ३० किलोमीटरांच्या पल्ल्याला १०० च्या वेगाने १८ मिनिटे लागतात, १२० ने १५. चहाचा एक पेला संपण्यासही न पुरणाऱ्या तीन मिनिटांचा हा व्यापार आहे.

तेव्हा दंड चुकविण्याचा मार्ग कोणता? आपल्या वाहनाची मर्यादा ठाऊक असावी, नजर फलकावर आणि वेगदर्शक काट्यावर फिरती असावी, घरून निघताना पंधरा मिनिटे हाताशी राखावीत, आणि पूल, नाका, शाळा किंवा वस्ती दिसताच पाय आपोआप आवरता यावा. चलान चुकीचे वाटल्यास त्यासोबतचे छायाचित्र, वेळ आणि वाहनक्रमांक पडताळून वाहतूक पोलिसांकडे रीतसर तक्रार करावी. चालकांचे एक गाऱ्हाणे मात्र रास्त आहे : मर्यादा कोठे बदलते हे सांगणारा फलक जागेवर नसेल किंवा झाडाआड दडला असेल, तर केवळ कॅमेरा लावून न्याय होत नाही. लपलेल्या शिपायाविरुद्ध एकत्र आलेल्या त्या इंग्रज मोटारमालकांनी अखेर फलक उभारले. आपल्याकडील चालकांनी संघटित होऊन मागावयाचे असेल, तर तेच मागावे : ठळक फलक, प्रकाशित पूल आणि पादचाऱ्यांसाठी वाट.

‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी महाराष्ट्रातील प्रत्येक प्रवाशाने वाचलेली आहे. १८६५ च्या कायद्यानुसार स्वयंचलित वाहनापुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालत असे. तो माणूस रस्त्यावरून गेला खरा. पण त्याचे काम संपलेले नाही. ते आता चालकाने स्वतःच करावयाचे आहे. ज्याला ते साधले, त्याला चलानाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, आणि तलासरीच्या रस्त्याकडेला दप्तर घेऊन उभ्या राहिलेल्या मुलालाही त्याची धास्ती बाळगावी लागत नाही.