ला रोमानाचा मार्क्विस : शपथ आणि निष्ठा

नेपोलियनविरुद्ध स्पेनने १८०८ ते १८१४ या काळात जो संग्राम केला, त्याच्या इतिहासात रणांगणावरील विजयांपेक्षा पराभवांचीच संख्या अधिक भरते. त्यामुळे या संग्रामातील स्पॅनिश सेनानींचे मूल्यमापन केवळ लढायांच्या हिशेबाने करू गेल्यास त्यांपैकी बहुतेकांच्या पदरी उपेक्षाच येते. पेद्रो कारो इ सुरेदा, ला रोमानाचा तिसरा मार्क्विस, हा अशाच सेनानींपैकी एक होय. त्याच्या नावावर मोठा विजय नाही. तथापि राज्यसत्ता कोलमडली असता सेनापतीची निष्ठा नेमकी कोणाशी, या प्रश्नाला त्याने कृतीने दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे.

रोमानाचा जन्म १७६१ साली मायोर्का बेटावरील पाल्मा येथे एका सरदार घराण्यात झाला. त्याचा पिता १७७५ च्या अल्जीयर्सवरील फसलेल्या स्वारीत मारला गेला. फ्रान्समधील लियाँ व स्पेनमधील सालामांका येथे त्याचे शिक्षण झाले. प्रथम तो आरमारात होता. १७९३ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाशी युद्ध जुंपल्यावर तो भूदलात आला आणि पश्चिम पिरेनीजच्या आघाडीवर आपला चुलता बेंतुरा कारो याच्या हाताखाली लढला. ग्रंथप्रेमी व बहुश्रुत सरदार असा त्याचा लौकिक होता.

१८०७ साली स्पेन हा नेपोलियनचा मित्र होता. या मैत्रीपोटी सुमारे १५,००० स्पॅनिश सैन्याची एक तुकडी उत्तर युरोपात पाठविण्यात आली व तिचे आधिपत्य रोमानाकडे आले. १८०८ च्या वसंत ऋतूत मार्शल बर्नादोतच्या हुकमतीखाली ही फौज डेन्मार्कमध्ये पोचली. तेथे तिची युटलँड, फ्यून, लांगेलँड व झीलँड अशी फाटाफूट करण्यात आली. स्पेनच्या उत्तम पलटणी मायदेशापासून दूर, परस्परांपासून विलग आणि फ्रेंच व डॅनिश सैन्याच्या गराड्यात राहाव्यात, ही गोष्ट नेपोलियनच्या सोयीचीच होती.

मे १८०८ मध्ये माद्रिदमध्ये उठाव झाला. त्याच महिन्यात बायोन येथे स्पेनच्या राजघराण्याकडून नेपोलियनने राजत्याग लिहवून घेतला आणि आपला भाऊ जोझेफ यास गादीवर बसविले. पुढे डेन्मार्कमधील पलटणींना या नव्या राजाची शपथ घेण्याचा हुकूम आला. झीलँडवरील आस्तुरियास व ग्वादालाहारा या पलटणींनी ३१ जुलै रोजी उघड बंड केले; परिणामी त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. फ्यूनवरील सैनिकांनी राष्ट्राच्या संमतीची अट घालून शपथ उच्चारली. रोमानाने मात्र वरकरणी आज्ञाधारकपणा राखला. याला कोणी दुटप्पीपणा म्हणतील; परंतु झीलँडवरील प्रकार पाहता उघड विरोधाने आणखी पलटणी गमावण्यापलीकडे काही साधले नसते.

मध्यंतरी इंग्रजांनी रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश बेनेडिक्टाइन साधू गुप्तपणे फ्यूनवर पाठविला होता. त्याच्याकरवी रोमानाला स्पेनमधील हकीकत व इंग्रजी आरमाराच्या साहाय्याचे आश्वासन मिळाले. ९ ऑगस्ट रोजी रोमानाने नायबोर्ग बंदर ताब्यात घेतले. बंदरातील लहान डॅनिश युद्धनौकांनी प्रतिकार केला, पण अॅडमिरल कीट्सने त्या जिंकल्या. युटलँडमधील पलटणी मिळेल त्या गलबतांतून फ्यूनवर आल्या व तेथून सर्व सैन्य लांगेलँडवर जमले. घोडे मागेच सोडावे लागले. ऑगस्ट अखेरीस सुमारे ९,००० सैनिक इंग्रजी जहाजांतून मायदेशी निघाले.

या पराक्रमाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. दुय्यम सेनापती किंदेलान फ्रेंचांना जाऊन मिळाला आणि त्यामुळे आल्गार्वे हा रिसाला युटलँडमध्येच अडकला. तो व झीलँडवरील पलटणी धरून सुमारे ५,००० माणसे शत्रूच्या हाती राहिली. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे जोझेफच्या नावाने उभारलेल्या पलटणीत भरती व्हावे लागले आणि १८१२ साली नेपोलियनबरोबर रशियाच्या मोहिमेवर जावे लागले. एकाच फौजेचे दोन भाग अशा रीतीने परस्परविरोधी निशाणांखाली लढले.

परतलेले सैनिक ऑक्टोबरमध्ये सांतांदेर येथे उतरले आणि नोव्हेंबरमध्ये एस्पिनोसाच्या लढाईत ब्लेकच्या सेनापतित्वाखाली त्यांची भयंकर हानी झाली. रोमाना स्वतः लंडनमार्गे मागाहून आला. त्याच्या वाट्याला आली ती रोगराईने व उपासमारीने खंगलेली फौज. ३० डिसेंबर रोजी मान्सिया येथे तिचा पराभव झाला. इंग्रज सेनापती मूर समुद्राकडे हटला असता रोमाना गालिसियाच्या डोंगरांत शिरला. मोठी लढाई टाळून शत्रूला हैराण करण्याचा गनिमी कावा त्याने अवलंबिला. मार्च १८०९ मध्ये बियाफ्रांका येथील फ्रेंच ठाणे घेऊन सुमारे हजार कैदी पकडले. शेतकऱ्यांच्या उठावास त्याच्या अस्तित्वाने आधार मिळाला.

याच सुमारास त्याच्या हातून मोठी चूक घडली. २ मे १८०९ रोजी त्याने ओविएदो येथील आस्तुरियासचे प्रांतिक शासनमंडळ शस्त्रबळाने बरखास्त केले. ज्या मंडळाने १८०८ मध्ये नेपोलियनविरुद्ध सर्वांआधी आवाज उठविला होता, त्याचीच ही गत झाल्याने होबेयानोस या थोर विचारवंताने तीव्र निषेध नोंदविला. काही दिवसांतच मार्शल नेय ओविएदोवर चालून आला आणि रोमानाला समुद्रमार्गे निसटावे लागले. राष्ट्राच्या संमतीवाचून लादलेली सत्ता डेन्मार्कमध्ये झुगारणाऱ्या सेनापतीने स्वदेशी मात्र लोकांनी उभारलेली सत्ता मोडावी, हा विरोध स्पष्ट आहे.

१८१० मध्ये एस्त्रेमादुराच्या फौजेचा प्रमुख म्हणून तो तोरेस वेद्रासच्या तटबंदीत वेलिंग्टनला मिळाला. वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आसईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. स्पॅनिश सेनापतींवर सहसा विश्वास न ठेवणाऱ्या या इंग्रजाचा रोमानाशी मात्र मेळ बसला. बादाहोसच्या साहाय्यास निघण्याची तयारी चालू असता २३ जानेवारी १८११ रोजी कार्ताशो येथे रोमानाचा अकस्मात अंत झाला. त्याच्यामागे मेंदिसाबालने वेलिंग्टनचा सावधगिरीचा सल्ला डावलला. १९ फेब्रुवारीस गेबोरा येथे ही फौज उद्ध्वस्त झाली व मार्चमध्ये बादाहोस पडले.

सारांश, रोमाना हा थोर रणधुरंधर नव्हे आणि कुशल राज्यकर्ताही नव्हे. परंतु राजाने राजत्याग केला, वरिष्ठांनी शपथ लादली आणि मायदेशाची वार्ताही धड कळेनाशी झाली, अशा स्थितीत निष्ठा राजसिंहासनाशी नसून राष्ट्राशी असते, हे त्याने ओळखले. ओविएदोस त्याला त्याचा विसर पडला, ही त्याची मर्यादा. या दोन घटना एकत्र ठेवूनच त्याच्या चरित्राचा न्याय करावा लागतो.