ईश्वरशरणता (ख्रिस्ती)

ख्रिस्ती जीवनात माणसाने स्वतःची इच्छा, चरितार्थाची काळजी आणि पुढच्या काळाची भीती देवाच्या हाती सोपवावी व त्याच्या इच्छेप्रमाणे चालावे, या साधनेला ईश्वरशरणता म्हणतात. तिची दोन अंगे मानली जातात : देव आपले अहित करणार नाही हा भरवसा, आणि त्याची आज्ञा मनाविरुद्ध गेली तरी ती पाळण्याची तयारी, म्हणजेच आज्ञांकितपणा. बाप्तिस्म्याबरोबर, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षाविधीबरोबर, ही वृत्ती आपोआप येत नाही, ती शिकावी लागते, याविषयी बहुतेक पंथांत एकमत आहे. ती एखाद्या क्षणी लाभते की आयुष्यभर थोडीथोडी अंगी बाणते, याविषयी मात्र नाही.

बायबलातील आधार : जुन्या करारातील अब्राहाम व ईयोब यांच्या कथा, तेविसावे व सदतिसावे स्तोत्र, तसेच नव्या करारातील उद्याची चिंता करू नये ही डोंगरावरील प्रवचनातील शिकवण हे नेहमीचे आधार होत. सर्वांत महत्त्वाचा प्रसंग गेथशेमाने बागेतील आहे. तेथे येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती आधी केली आणि मगच पित्याची इच्छा स्वीकारली, त्यामुळे शरण जाणे म्हणजे तोंड मिटून सोसणे नव्हे असा अर्थ अनेक भाष्यकार काढतात.

पंथभेद : कॅथलिक परंपरेत संन्यस्तांचे आज्ञापालनाचे व्रत आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाचा सल्ला यांना मोठे स्थान आहे, तर प्रोटेस्टंट परंपरेत बायबलवाचन व व्यक्तिगत प्रार्थना यांवर भर आहे.

मराठी परंपरा : या विषयावर मराठी मुलखात विपुल लेखी साधने पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्यासंबंधी उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात दिली असून, खरी शरणागती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी घडल्याचे त्या सांगतात. या मधल्या काळातील वाँटेजच्या अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण देवाला शरण जाणे आणि चर्चच्या अधिकाऱ्यांना शरण जाणे या दोन गोष्टी रमाबाईंनी त्यात निक्षून वेगळ्या ठेवल्या आहेत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नको, इथपासून त्रैक्याच्या सिद्धांतापर्यंत, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या मतापर्यंत, त्यांनी प्रत्येक गोष्टीवर वाद घातला. वाँटेजच्या मंडळींना यात उर्मटपणा दिसला; आजच्या वाचकाला तो बहुधा दिसणार नाही.

रमाबाईंनी विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले व पुढे पुण्यास हलवलेले शारदा सदन १८९३ मध्ये वादात सापडले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या कारणावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. सदनात धर्मांतराचा आग्रह कितपत होता याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरता उचललेला सदनाच्या खर्चाचा भार १८९८ मध्ये संपत होता, आणि त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली रमाबाईंच्या पुण्याजवळील केडगावच्या मुक्ती सदनात दाखल झाल्या. ब्रिस्टलचे अनाथाश्रमचालक जॉर्ज म्यूलर व चीनमधील मिशनरी हडसन टेलर यांची चरित्रे वाचून रमाबाईंनी तेव्हा जो मार्ग धरला, त्याला श्रद्धाधिष्ठित कार्य म्हणतात : ठरलेल्या उत्पन्नाची हमी शोधायची नाही, गरज देवापुढे मांडायची. अर्थात १९०३ पासून 'मुक्ती प्रेयर बेल' या नियतकालिकातून संस्थेच्या गरजा वाचकांपुढेही येत होत्या, आणि म्यूलरही आपले वार्षिक वृत्तांत छापीत असत. तेव्हा न मागण्याची सीमारेषा कोठे आखायची हा प्रश्न उरतोच. शिवाय भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते. केडगावला शेती, विहिरी, विणकाम, तेलघाणी आणि छापखाना असा सारा व्याप मुली व बायकाच चालवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०५ मध्ये मुक्ती सदनात झालेल्या सामुदायिक प्रार्थनाजागृतीचे मूल्यमापन पंथागणिक बदलते.

नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांनी ही साधना भक्तिसंप्रदायाच्या वळणावर नेली. ख्रिस्ताला माउली व गुरू मानून त्यांनी अभंग रचले, १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा देऊन ख्रिस्ती संन्यास घेतला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी 'देवाचा दरबार' काढला. मात्र हाती येईल ते देऊन टाकणाऱ्या माणसाचे घर कसे चालते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचल्याशिवाय कळत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः १९०० मध्ये, पतीनंतर पाच वर्षांनी, बाप्तिस्मा घेतला. शरणागतीची झळ चुलीपाशी बसणाऱ्याला कशी लागते हे सांगणारा इतका मोकळा दस्तऐवज मराठीत दुसरा नाही.

आदिलाबाद परिसर : १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखाला जोडले गेले, तरी जिल्ह्याच्या सीमाभागात मराठी बोलली जाते. चर्चची विभागणीही सीमेच्या दोन्ही बाजूंना गुंतलेली आहे : सिरो-मलबार कॅथलिक पंथाचा आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा, म्हणजे चंद्रपूर, धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला, त्याचे मुख्य ठाणे मंचेरियाल येथे असून, हे शहर २०१६ च्या जिल्हाविभाजनापासून आदिलाबाद जिल्ह्याबाहेर गेले आहे. प्रोटेस्टंटांपैकी चर्च ऑफ साउथ इंडियाच्याही मंडळ्या येथे आहेत. तेलंगणातीलच डोर्नाकलचे बिशप म्हणून व्ही. एस. अझरय्या हे १९१२ मध्ये अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांच्या गरीब मंडळ्यांत रोजचा भात शिजवण्याआधी बायका मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढीत व ते मंडळीला अर्पण करीत. अझरय्यांच्या शिकवणीत अशा दानाला पोटाची चिंता देवावर टाकण्याच्या अभ्यासाचे स्थान होते.